मापाचं काळीज

सांगलीच्या घरी मरळ यायची ती जिवंत. भोयांची एक मावशी रविवारी सकाळी डोक्यावर घमेलं घेऊन गल्लीत यायची. घमेल्यात बोटभर पाणी, वर ओलं पोतं. पोतं उचललं की काळीकुट्ट, सापाच्या तोंडाची मरळ एकदम उसळायची आणि मी दोन पावलं मागं. आई तिला परसात न्यायची, चुलीतल्या राखेत घोळवायची (नुसत्या हाताला ती ठरत नाही), दगडावर एकदाच डोकं आपटायची आणि मग विळी पुढं ओढायची. "पित्त फुटाय नको," एवढंच पुटपुटायची.

असाच एक रविवार. डोकं एकीकडं, धड एकीकडं झालं होतं. कल्ल्यांच्या मागं, गळ्याच्या खालच्या अंगाला, चिंचोक्याएवढा लालभडक गोळा आईच्या नखानं निघाला आणि राखेत पडला. तो उडत होता. आकसायचा, सुटायचा, जरा थांबायचा, पुन्हा आकसायचा. त्याला चिकटलेली राख प्रत्येक ठोक्याला थोडी थोडी सुटत होती.

"आई, हे काय गं?"

"काळीज."

"पण ती मेलीय ना?"

"त्याला अजून कुणी सांगितलं नसंल."

मी उकिडवी बसून मोजायला लागले. एकेचाळीसपर्यंत मोजलं, मग मांजरानं ते उचललं.

हे सगळं मला आठवलं ते जवळजवळ पन्नास वर्षांनी, कॅनडात, बर्नबीतल्या एका तपासणीच्या खोलीत. छातीवर चिकटवलेल्या चकत्या, त्यांतून लोंबणाऱ्या वायरी, अंगात मागून बांधायचा झगा आणि पायाखालून सरकणारा पट्टा. दर तीन मिनिटांनी पट्टा थोडा जोरात पळतो आणि थोडा चढा होतो. तंत्रज्ञ मुलगा मधूनमधून बरं वाटतंय ना विचारत होता. २२० मधून वय वजा करायचं, की हृदयाची कमाल गती निघते, असा ढोबळ हिशेब त्यानं सांगितला. मी ५८. म्हणजे मिनिटाला १६२ ठोके, त्यापलीकडं माझं इंजिन जाणार नाही. मी पेशानं अकाउंटंट, त्यामुळं घाम पुसता पुसताही वजाबाकी तपासून पाहिली.

सातव्या मिनिटाला पडद्यावरच्या रेघेनं भलत्याच जागी उडी मारली. पाठोपाठ आणखी दोन. 'काळजाचा ठोका चुकला' असं आयुष्यात हजारदा म्हटलं असेन. चुकलेला ठोका डोळ्यांनी पाहिला तो पहिल्यांदाच. आणि गंमत म्हणजे शरीरशास्त्राच्या हिशेबानं काळीज म्हणजे यकृत. खाटकाच्या दुकानात 'कलेजी' मागितली तर तो हृदय देत नाही. पण मराठीत तुटतं, फाटतं, धडधडतं, कुरतडलं जातं ते सगळं काळीजच. छातीतल्या त्या पंपाला 'हृदय' म्हणणं शाळेत गेल्यावर सुरू होतं, आणि आईच्या भाषेत तर ते शेवटपर्यंत आलंच नाही. मीही या लेखात दोन्ही शब्द वापरणार आहे, डॉक्टर मंडळींनी माफ करावं.

आमचे डॉक्टर शांत होते. असे जास्तीचे ठोके पुष्कळांना पडतात म्हणाले. चोवीस तास कमरेला बांधायचं एक यंत्र दिलं आणि आहाराचा एक कागद. कागदावर पहिलीच ओळ: आठवड्यातून दोनदा मासे, शक्यतो सॅमन.

सॅमनला आपली मंडळी बेधडक रावस म्हणतात. मुंबईच्या हॉटेलांत तर 'इंडियन सॅमन' म्हणून रावसच वाढतात. दोघांचा काडीचा संबंध नाही. रावस आपल्या किनाऱ्याचा, खाडीच्या तोंडाशी फिरणारा. सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि मरायच्या आधी अंडी घालायला जन्माच्या ओढ्याकडं परततो. इथं बावीस वर्षं राहून मी त्याची कढी, तिखलं, तवा फ्राय सगळं करून पाहिलंय. एकदाही रावसाची चव आली नाही. पण या कागदामुळं मी त्याच्याविषयी वाचायला लागले, आणि वाचता वाचता कळलं की या माशालाही ट्रेडमिलवर पळवतात.

म्हणजे पोहवतात. एक मोठी नळी, तिच्यातून पाणी जोरात सोडतात आणि मासा त्या प्रवाहाविरुद्ध जागच्या जागी पोहतो. टप्प्याटप्प्यानं प्रवाह वाढवायचा. पाण्यातला ऑक्सिजन किती कमी झाला ते मोजायचं, हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीभोवती एक इवलंसं कडं बसवून मिनिटाला किती रक्त बाहेर पडतं ते मोजायचं. मग पाणी थोडं गरम करून पुन्हा तेच. माशाच्या ईसीजीत माझ्यासारख्याच पी, क्यूआरएस, टी अशा लाटा असतात, हे वाचून मला का कोण जाणे जरा हायसं वाटलं.

हे काम आमच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर झालं आहे. चिलिवॅकजवळच्या कल्टस लेकवर सरकारी मत्स्य प्रयोगशाळा आहे. एरिका एलियासन, टोनी फॅरेल, स्कॉट हिंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रेझर नदीतल्या सॉकाय जातीच्या सॅमनची हृदयं तपासली आणि २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्याचा निबंध आला. छोटाच आहे. मला वाचायला तीन रविवार लागले. माझं शास्त्र बारावीला संपलेलं.

आता माशाचं हृदय कसं असतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्या हृदयाला चार कप्पे, माशाच्या हृदयाला मुख्य असे दोन. आपलं रक्त फुप्फुसाकडं जाऊन परत हृदयात येतं आणि मग अंगभर जातं. माशाचं रक्त हृदयातून निघतं ते थेट कल्ल्यांत, तिथं ऑक्सिजन घेऊन तसंच पुढं मेंदू, आतडी, शेपटीचे स्नायू, आणि सगळी वाटणी झाली की शेवटी परत हृदयात. म्हणजे ज्याच्या जोरावर सगळ्यांना मिळतं, त्याच्या वाट्याला येतं ते सर्वांचं जेवून उरलेलं. हृदयाचा आतला थर स्पंजासारखा असतो, तो त्या उरलेल्या रक्तातूनच आपला ऑक्सिजन शोषून घेतो. आमची आजी अशीच जेवायची. पुरुषांची पंगत, मग मुलं, मग सुना, आणि मग पातेल्याच्या तळाशी जे असेल ते. कधी आमटीचा नुसता कट, कधी भाताची खरपुडी. तिला विचारलं तर म्हणायची, मला खरपुडीच आवडते.

रोजच्या दिवशी उरलेलं पुरतं. पण सण असला, पाहुणे वाढले, सगळ्यांनीच दोन घास जास्त खाल्ले, की तळाशी काही राहत नाही. मासा जीव तोडून पोहायला लागला की शेपटीचे स्नायू वाटेतच सगळा ऑक्सिजन गट्ट करतात. नेमकं तेव्हाच हृदयाला सगळ्यांत जास्त काम असतं.

सॅमनच्या हृदयाला यावर एक सोय आहे. कल्ल्यांतून ताजं रक्त घेऊन एक बारीक धमनी परस्पर हृदयाच्या बाहेरच्या, घट्ट थराला पोचते. माहेरहून येणाऱ्या डब्यासारखी. आपल्या ज्या धमन्यांत अडथळे येतात आणि मग फुगे, स्टेंट वगैरे घालावे लागतात, त्याच घराण्यातली ही धमनी. आणि सॅमनच्याही या धमनीत आतून गाठी धरतात, हे शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकातच नोंदवलंय. हृदयासाठी सॅमन खा म्हणून सांगणाऱ्या त्या कागदाकडं मी तेव्हापासून जरा वेगळ्या नजरेनं बघते.

तर फ्रेझर. ही नदी रॉकी पर्वतात उगम पावून जवळपास १,३७५ किलोमीटर वाहत व्हँकूव्हरपाशी समुद्राला मिळते. तिच्या खालच्या खोऱ्यातले मूळ रहिवासी स्वतःला स्टोलो म्हणवतात. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थच 'नदी'. सॉकाय बहुतेक चार वर्षांचा झाला की समुद्रातून या नदीत शिरतो. शिरला की खाणं बंद. अंगातल्या चरबीवर पुढचा सगळा प्रवास, वाटेत अंग लाल आणि डोकं हिरवं होत जातं, अंडी घातली की मरण. पण 'फ्रेझरचा सॉकाय' असा एकच मासा नाही. एका नदीच्या कितीतरी फांद्या, प्रत्येक फांदीचं आपलं कुळ, आणि कूळ बदलत नाही.

वीव्हर क्रीकचं कूळ घ्या. समुद्रापासून शंभरेक किलोमीटरवर यांचं घर. वाट बरीचशी सपाट, हेल्स गेटची अरुंद खिंड लागायच्या आधीच वळण येतं, आणि पूर्वापार हे यायचे ते शरद ऋतूत, पाणी गार झाल्यावर. चिल्कोचं कूळ याच्या अगदी उलट. साडेसहाशे किलोमीटर, वाटेत हेल्स गेट, आणि शेवटचं तळं समुद्रसपाटीपासून जवळपास १,१७० मीटर उंचीवर. आपल्या महाबळेश्वरापेक्षा थोडंच खाली. म्हणजे समुद्रातून निघून महाबळेश्वर पोहत चढायचं, तेही भर उन्हाळ्यात आणि उपाशीपोटी.

त्या निबंधात सापडलं ते असं: ज्यांची वाट अवघड, त्यांची हृदयं मोठी, त्या खास धमनीचा पुरवठा चांगला आणि श्रमासाठी ऑक्सिजन वापरण्याची ताकद जास्त. इतकंच नाही, ज्या कुळाच्या पूर्वजांनी नदीत जे तापमान सोसलं, त्याच तापमानाला त्याचं हृदय सगळ्यांत चांगलं चालतं. चिल्कोच्या हृदयात तर अ‍ॅड्रेनालिन, म्हणजे हृदयाला जोर देणारं रसायन, पकडणाऱ्या जागाही जास्त दाट आढळल्या. प्रत्येक कुळाचं काळीज त्याच्या नदीच्या, त्याच्या महिन्याच्या मापाचं बेतलेलं आहे.

मापाचं शिवलेलं अंगात फार छान बसतं, हे ब्लाऊज शिवून घेणाऱ्या कुठल्याही बाईला सांगायला नको. आणि अंग बदललं की तेच ब्लाऊज सगळ्यांत आधी उसवतं, हेही.

पाणी तापलं की हृदयाचं काय होतं, ते मला जमाखर्चाच्या भाषेत लवकर कळलं. माशाच्या अंगात स्वतःची उष्णता नाही, पाणी तेवढा तो. ढोबळमानानं पाणी १० अंश तापलं की विश्रांतीतलीही हृदयगती दुपटीच्या आसपास जाते. म्हणजे काही न करताच महिन्याचा बांधील खर्च वाढला. घरभाडं, दूध, वीज. उत्पन्नाची कमाल मर्यादा मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. हृदय एका ठोक्यात जेवढं रक्त ढकलतं ते जवळपास तेवढंच राहतं, गरम पाण्यात ते सगळी भिस्त ठोक्यांच्या संख्येवर टाकतं, आणि त्या संख्येला छप्पर आहे. बांधील खर्च वर येतोय, छप्पर जागच्या जागी. मधली शिल्लक रोज कमी. पोहणं, धबधबा चढणं, कोळ्याच्या जाळ्यातून निसटल्यावर दम खाणं, हे सगळं त्या शिलकेतून भागवायचं असतं. शिल्लक संपली की ठोके चुकायला लागतात, मग गती वाढायच्या ऐवजी एकदम खाली येते. त्यालाच हृदयाचं कोसळणं म्हणतात.

वीव्हर क्रीकच्या माशांना हेच भोवलं. हे उशिरा येणारं कूळ. समुद्रातून येऊन नदीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात चार-सहा आठवडे थांबायचं, पाणी गार झालं की आत शिरायचं, ही यांची रीत. १९९५ पासून ते थांबेनासे झाले. येतात ते थेट नदीत, ऑगस्टच्या कोमट पाण्यात. का, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत. त्यातच फ्रेझरचं ऐन उन्हाळ्यातलं तापमान १९५० च्या दशकापेक्षा सुमारे २ अंशांनी चढलंय. २ अंश म्हणजे आपल्याला पंखा एक नंबरवरून दोनवर. १८–१९ अंशांच्या पुढं वीव्हरच्या माशाची शिल्लक जवळजवळ संपते. २००४ साली नदी फार तापली तेव्हा समुद्रातून आत शिरलेले लाखो सॉकाय वाटेतच गडप झाले. मेलेला सॅमन बहुतेकदा तरंगत नाही, तळाशी जातो. त्यामुळं आकडा कळतो तो वर किती पोचले यावरून.

आणि माद्या जास्त मरतात. गरम पाणी, जोराचा प्रवाह, काहीही अडचण आली की नरांपेक्षा माद्यांचा मृत्युदर जास्त, कधी दुपटीहून जास्त. नराचं हृदय वयात येताना मोठं होतं. मादीचं तसं होत नाही, तिच्या अंगातलं बरंचसं अंड्यांत गेलेलं असतं, आणि विश्रांतीतही तिच्या हृदयाचे ठोके नरापेक्षा जास्त आढळलेत. म्हणजे तिची शिल्लक मुळातच कमी. हा परिच्छेद मी नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "चहा मी करतो."

२०२१ च्या जूनअखेरीस इथं जी उष्णतेची लाट आली ती मला विसरता येत नाही. फ्रेझर आणि थॉम्पसन नद्यांच्या संगमावर लिटन नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथं २९ जूनला पारा ४९.६ अंशांवर गेला आणि दुसऱ्या दिवशी गाव जळालं. प्रांतात ६१९ माणसं उष्म्यानं गेली, बहुतेक आपापल्या घरात, बरीचशी म्हातारी आणि एकटी. आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड, एसी नाही. इथं कुणाकडेच नसायचा. मी सांगलीची, मला उन्हाचं काय कौतुक, अशा तोऱ्यात होते. तिसऱ्या रात्री बाथटबमध्ये गार पाणी भरून बसले होते आणि छातीत कुणीतरी कबुतर सोडल्यासारखं फडफडत होतं. सांगलीत ४० अंश सोसलेलं माप इतक्या वर्षांत कधी आटलं, मला कळलंच नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात, थोडं आधी, आईचा फोन आला होता. तिची बातमी वेगळीच.

"नदीत मासं मेल्यात गं. आयर्विन पुलाखाली पांढरा सडा पडलाय. लोकं पोती भरून नेत्यात."

"कशानं?"

"मळी सोडली म्हणत्यात."

"कुणी?"

"नदीला इचार."

मळीचं पाणी नदीत आलं की त्यातल्या गोडव्यावर जिवाणू तुटून पडतात आणि पाण्यातला ऑक्सिजन फस्त करतात. मुळात गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. १० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशांना साडेसात. कृष्णेच्या संथ, उतरलेल्या पाण्यात आधीच ओढग्रस्त, वरून ही पंगत. मग मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडतात. लहानपणी आम्ही त्याला 'मासे पाऊस मागतात' म्हणायचो.

इथं माशाचं हृदय जे करतं त्यानं मी चक्रावले. उष्णतेनं ते पळतं. ऑक्सिजन कमी झाला की मात्र ते मुद्दाम सावकाश होतं. कल्ल्यांत ऑक्सिजनचा अंदाज घेणाऱ्या पेशी आहेत, त्या मेंदूला कळवतात, मेंदू व्हेगस नावाच्या नसेतून लगाम खेचतो. काही माशांत ठोके निम्म्यावर येतात. वरवर पाहता हा वेडेपणा. घरात धान्य कमी पडलं तर जास्त फिरायला हवं ना? पण फॅरेल यांनी मांडलेला विचार असा, की सावकाश ठोक्यामुळं रक्त हृदयाच्या स्पंजात जास्त वेळ थांबतं आणि उरल्यासुरल्या ऑक्सिजनातला थेंब न् थेंब स्नायूला शोषता येतो. शिवाय प्रत्येक ठोक्याला हृदय जास्त भरतं, म्हणजे कमी ठोक्यांतही रक्त बऱ्यापैकी ढकललं जातं. आजी खरपुडी सावकाश चावून खायची, ते उगाच नव्हे.

आता एप्रिल-मेची तापलेली, मळीनं घुसमटलेली नदी डोळ्यांपुढं आणा. पाण्याची ऊब हृदयाला म्हणते पळ. ऑक्सिजनचा तुटवडा म्हणतो थांब. एका हातानं चाबूक, दुसऱ्या हातानं लगाम, आणि बैल एकच. गरम पाण्यात अ‍ॅड्रेनालिनची मदतही लुळी पडते, असं ट्राउट माशाच्या हृदयात दिसलंय. एरवी, श्रमानं रक्त आंबट झालं असतानाही, हृदयाला सावरून धरणारं हेच रसायन. यानंतर पुलाखाली पांढरा सडा पडतो त्यात नवल काही नाही. नवल वाटतं ते काही मासे वाचतात याचं.

"मरळ होती का गं त्यात?" मी आईला विचारलं होतं.

"मरळ दिसली न्हाई बघ. कटलं, रव्हू, चिलापीच जास्त."

मरळ हवेतून श्वास घेते. कल्ल्यांच्या वर तिला एक पोकळी असते, दर थोड्या वेळानं वर येऊन ती हवेचा घोट घेते. तिला वर येऊ दिलं नाही तर मासा असून ती पाण्यात गुदमरून मरेल. घमेल्यातल्या बोटभर पाण्यात ती तासन्‌तास का जिवंत असायची, याचं उत्तर मला एवढ्या वर्षांनी मिळालं. हवा घेणाऱ्या अशा पुष्कळ माशांत घोट घेतला की हृदय जोरात चालतं, पुढच्या घोटापर्यंत हळूहळू मंदावतं. सुगी आली की खर्च, नाही तेव्हा हात आखडता. युरोपातल्या तळ्यांतला क्रूशियन कार्प तर याच्याही पुढं गेलाय. हिवाळ्यात तळं वरून गोठतं, आत ऑक्सिजन शून्य, आणि हा गडी अंगात साठणाऱ्या आम्लाची चक्क दारू करून कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो. ऑक्सिजनचा थेंब नसताना ८ अंशांच्या पाण्यात त्याचं हृदय पाच दिवस नेहमीसारखं चालत राहिलं, असं २००४ च्या एका प्रयोगात दिसलं. आमच्या गल्लीतल्या काही काकांना हा मासा माहीत असता तर त्यांनी त्याचा फोटो लावला असता.

सॅमनला असली कला येत नाही. त्याच्या पाण्यात आता आणखीही काय काय येऊ शकतं. बर्नबीच्या आमच्या किनाऱ्यावर तेलाच्या पाइपलाइनचं शेवटचं टोक आहे, तिथून टँकर भरून जातात. बालकनीतून दिसतात. कच्च्या तेलातले काही घटक माशांच्या हृदयपेशींतली कॅल्शियम आणि पोटॅशियमची ये-जा बिघडवतात, म्हणजे ठोक्याची वेळच चुकवतात, हे मेक्सिकोच्या आखातातल्या २०१० च्या तेलगळतीनंतर ट्यूना माशाच्या पेशींवर तपासून पाहिलं गेलं. मी टँकर मोजत नाही. मोजायला लागले की माझाच हात मनगटाकडं जातो.

आणि माप कितीही दमदार असलं तरी? २०२४ च्या जुलैअखेरीस चिलकोटिन नदीवर डोंगरच कोसळला आणि काही दिवस नदीच बंद झाली. चिल्कोचे मासे याच नदीनं वर जातात. फ्रेझरमधलं ते नावाजलेलं काळीज, आणि पुढं मातीची भिंत. पाच ऑगस्टला पाणी भिंतीवरून वाट काढून सुटलं. त्या आठवड्यात मी रोज सकाळी कामाच्या आधी बातम्या उघडायचे, जसं दहावीच्या निकालाचं संकेतस्थळ उघडतात.

मागच्या ऑक्टोबरात आम्ही वीव्हर क्रीकला गेलो. तिथं १९६५ साली माशांना अंडी घालायला बांधलेला जवळपास तीन किलोमीटरचा नागमोडी पाट आहे, तळाला निवडक गोटे पसरलेला. आपल्या शेतातल्या पाटाची आठवण येते, फक्त पाणी बर्फासारखं आणि वास कुजल्याचा. काठावर सीगल नुसते माजले होते. लाल माशांच्या पाठी पाण्याबाहेर, इतकं उथळ. एक मादी आडवी होऊन शेपटीनं गोटे उडवत होती. चार फटके, मग दम. शेपटीची कातडी झिजून पांढरी पडलेली. पुन्हा चार फटके. तिचे कल्ले किती वेळा उघडतात ते मी घड्याळ लावून मोजायला गेले, दर वेळी मधेच तिनं खड्डा खणायला घेतला आणि माझा आकडा चुकला.

पाटाच्या टोकाशी शाळेतली मुलं आली होती. त्यांच्यासोबतच्या बाईंनी एक मेलेली मादी उघडून दाखवली. मी पोरांच्या मागं उभी. नंतर हातमोजा घालून ते हृदय मी तळहातावर घेतलं. सुपारीएवढं, शिंगाड्यासारखं तिकोनी, आणि डोक्याशी लसणाच्या पाकळीसारखा पांढरा फुगवटा. त्या पांढऱ्यावरून केसाएवढी एक लाल रेघ खाली उतरत होती. माहेरच्या डब्याची वाट. बोटानं दाबलं तर रबरासारखं परत फुगलं. मी उगाचच थोडा वेळ धरून ठेवलं.

रात्री घरी आल्यावर आईला फोन लावला. तिकडं सकाळ, ती तुळशीला पाणी घालून आली होती.

"आज माशाचं काळीज हातात घेतलं होतं गं. सॅमनचं."

"उडत होतं?"

"नाही."

"मग त्याला सांगितलं असंल कुणीतरी." जरा थांबून म्हणाली, "जेवलीस?"

"यांचं झालंय. आता बसतेच."